जिप्समच्या भिंतीतला जीव

माझ्या चुलतभावावर, जिनदत्तवर, मी सूड उगवला. भर सकाळी, पाहुणे बसलेले असताना उगवला, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीचं भोक त्याच्याच हातून बुजवून घेतलं.

असं काही झालेलं नाही. भिंतीला भोक नव्हतंच. जिनदत्त आणि मी एकमेकांना 'जय जिनेंद्र' म्हणतो आणि जिन्यात भेटलो तर बाजू देतो. क्षमावणीला सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, आणि एकदा माफ केलं की झालेली गोष्ट झालेली राहत नाही, असं काका म्हणतात. तेव्हा खाली लिहिलंय ते न झालेल्या गोष्टीबद्दल आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. ती न झालेली असली तरी क्रमाने झाली, म्हणून क्रमाने सांगतो.

मी भरतेश. साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर नट हातात घ्यायचा, मापात बसतो का बघायचा आणि नाही बसला तर लाल डब्यात टाकायचा, एवढंच काम. घर सांगलीत. घरी आई, पद्मावती. वडील गेले त्या वर्षी वाटणी झाली आणि पहिल्या मजल्यावरचा हॉल मधोमध कापला गेला. आधी विटांची भिंत घालणार होते, पण इंजिनिअर म्हणाला, स्लॅबला वजन झेपणार नाही. मग काकांनी जिप्समची घातली. म्हणजे पत्र्याचे उभे चॅनल, त्यांना ह्या अंगाने एक पांढरा बोर्ड, त्या अंगाने एक, आणि मधे चार बोटं पोकळी. रंग दिल्यावर बघणाऱ्याला भिंतच वाटते. काका तेव्हा म्हणाले होते, तात्पुरती हाय. त्याला अकरा वर्षं झाली. खिडकी त्यांच्या बाजूला गेली, पंखा आमच्याकडे आला. ते वारा घेतात, आम्ही वारा तयार करतो.

भिंतीपलीकडे काका आणि त्यांचा मुलगा जिनदत्त. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पशुखाद्याचं दुकान आहे, आणि प्रत्येक वाक्य पोतं खाली टाकल्यासारखं बोलतो.

भाद्रपदात आमचं जैनांचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवसांचं. आईने यंदा दहाही दिवसांचा उपवास धरला होता. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. म्हणून मी रजा टाकून घरी आलो. पर्वाच्या पहिल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये दिवाणावर पडलो होतो, तर कानाजवळ भिंतीतून पांढरी भुकटी गळायला लागली आणि मागोमाग ड्रिलचं टोक बाहेर आलं. ते थांबलं, इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं आणि मागं गेलं. परत आलं. मग पलीकडून काहीतरी जोरात आदळलं आणि बोर्डाचा थाळीएवढा तुकडा माझ्या छातीवर पडला.

भोकातून जिनदत्तचा डोळा दिसला.

"लागलं का रं?"

"काय करतोयस?"

"टीव्ही लावतोय. पंचावन्न इंची."

"तुमच्याकडं लावतोयस का आमच्याकडं?"

"जरा आत गेलं," तो म्हणाला. "तेवढं बुजवून घे की. तुझ्या बाजूला पडलंय."

आणि त्याने त्याच्या बाजूच्या भोकावर टीव्ही अडकवला. भोक त्याने पाडलं, त्याचं झाकलं गेलं, आणि आमचं उघडं राहिलं. तरीही मी एवढ्यावर सूड घेतला नसता. तो दिवस क्षमेचा होता. दहा दिवसांत रोज एक धर्म असतो आणि पहिला नेमका क्षमेचा. मी मनात म्हणालो, असू दे.

पुढचं सांगण्याआधी भाग्यश्रीबद्दल सांगायला पाहिजे.

भाग्यश्री आष्ट्याची. उन्हाळ्यात आम्ही तिला बघायला गेलो होतो. चहा झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. तिथं भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही खोटं बोलता का?"

मी म्हणालो, "गरजेपुरतं."

ती हसली. तोंडावर हात न ठेवता हसली. मग खाली वाकून एक शेंग उचलली, फोडली आणि निम्मे दाणे मला दिले. मला आयुष्यात कुणी निम्मं दिलेलं ते पहिलंच. आमच्या घरात निम्मं घेतात.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील घर बघायला आले. पायगोंडा अण्णा, गुळाचे व्यापारी. डोक्यावर कडक पांढरी टोपी, आणि दिसेल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायची सवय. त्यांनी पेला वाजवला, दिवाण वाजवला, ओटीला ठेवलेला नारळ वाजवला, भिंत वाजवली, चहा घेतला आणि गेले. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला अजून शिकायचंय. तिचं एम.कॉम. झालेलं होतं. मी साताऱ्याला जाऊन त्या आठवड्यात लाल डब्यात जरा जास्त नट टाकले. त्यांतले काही मापात बसत होते.

तर पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नम्रतेच्या दिवशी, मी त्या भोकासमोर माप घ्यायला बसलो होतो. पलीकडून जिनदत्तचा आवाज आला. फोनवर मित्राशी बोलत होता.

"आष्ट्याच्या पावण्यास्नी मीच सांगितलं की. म्हटलं, पोरगा चांगला हाय, खरं साताऱ्याला स्टँडवर कांदाभजी खातो. तीबी चातुर्मासात. दोन प्लेटी." मग जरा वेळ ऐकून घेतलं, आणि हसला. "आरं गेलं की मोडून. शिकतीया म्हणं पोरगी."

आमच्यात कांदा खात नाहीत. चातुर्मासात तर बाजारात कांद्याच्या बाजूने जात नाहीत. आणि भजी मी खाल्ली होती, हे खरं आहे. मागच्या पावसाळ्यात, गाडी दीड तास लेट होती तेव्हा. पण एक प्लेट. दुसरी जिनदत्तने पदरची घातली होती, आणि मला त्या दुसऱ्या प्लेटीचा राग जास्त आला. शिवाय ही गोष्ट मी फक्त साताऱ्यातल्या रूममेटला सांगितली होती. फोनवर, ह्याच दिवाणावर बसून, ह्याच भिंतीला पाठ टेकून.

मी हातातला टेप गुंडाळून ठेवला. पर्वाच्या शेवटी क्षमावणी येते. त्या दिवशी हात जोडून प्रत्येकाची क्षमा मागायची आणि प्रत्येकाला क्षमा करायची. त्यानंतर सूड घेता येत नाही, कारण रागच शिल्लक नसतो. पहिला दिवस क्षमेचा, शेवट क्षमेचा. मधल्या दिवसांत सूड घ्यावा असं कुठं लिहिलेलं नाही हे मला मान्य आहे, पण माझ्याकडे दुसरे दिवस नव्हते.

त्याच दुपारी ऑनलाइन एक वस्तू मागवली. रुपयाच्या नाण्याएवढी काळी चकती. तिच्यातून रातकिड्यासारखा आवाज येतो, मधेच कधीतरी. दोन मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी, त्यामुळे कुठून येतो ते सापडत नाही. खाली लिहिलं होतं, चालू केल्यावर पहिले काही तास गप्प राहते, सेल तीन वर्षं टिकतो.

बाहेरच्या जगात भिंतीत किडा ओरडायला लागला तर लोक औषध मारतात. आमच्या घरात, तेही पर्वात, मुंगी दिसली तरी काका दुसऱ्या जिन्याने जातात. आणि दुसरा जिना आम्हाला नाही, म्हणजे ते मुंगी जाईपर्यंत थांबतात. भिंतीत जीव आहे म्हटल्यावर ती भिंत कुणी ठोकणार नाही, खोलणार नाही, हलवणार नाही. आणि त्या भिंतीवर पंचावन्न इंच टांगलेले होते.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"केवढं भोक हाय?" दुकानदाराने विचारलं.

"थाळीएवढं."

"जेवायची का आरतीची?"

"जेवायची."

"मग नुसत्या पुट्टीनं भागत न्हाई. चौकोनी कापून घ्या. आतनं लाकडाची पट्टी आडवी घाला, तिला बोर्डाचा तुकडा आवळा, सांध्याला जाळीची टेप, वर पुट्टी दोन हात. पहिला वाळल्याबिगर दुसरा मारू नका. लोकांस्नी दम नसतो."

"मला आहे," मी म्हणालो.

चकती पाचव्या दिवशी आली. आईने दिवाणावरून बारीक आवाजात विचारलं, "बुजवायच्या आदी आत बघितलंस का रं? मुंगी, पाल, काय बी असतंय."

मी बॅटरी लावून नीट बघितलं. आत काही नव्हतं. मग मी चकती चॅनलच्या खाचेत ठेवली, पट्टी घातली, तुकडा बसवला आणि स्क्रू आवळले. एकेका स्क्रूला मनात एकेक भजी म्हणालो. आठ स्क्रू लागले. साताऱ्याच्या स्टँडवर एका प्लेटीत आठच येतात. टेप, पुट्टी, वाळवण, परत पुट्टी, पॉलिश पेपर. शेवटी हात फिरवला तर भोक कुठं होतं ते मलाही सापडेना. तो तुकडा कारखान्यात असता तर पास केला असता.

अर्ध्या तासाने भिंत म्हणाली, किर्रर्र.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मग काकांची चाहूल भिंतीजवळ येऊन थांबली. भिंतीच्या त्या बाजूला काकांचा कान होता, ह्या बाजूला माझा.

किर्रर्र.

थोड्या वेळाने काका आमच्या दारात उभे. "वैनी, भिंतीत जीव हाय."

आई उठून बसली. माझ्याकडे बघितलं. "तू कोंडलास?"

"मी बॅटरी लावून बघितलं होतं आई."

"नदरंला आला नसंल. बारका असंल."

मागं जिनदत्त येऊन उभा होता. "आप्पा, टीव्ही काढून बघू का? दोन मिनटं लागत्यात."

"हात लावायचा न्हाई भिंतीला. धक्का बसंल त्याला. आणि टीव्ही बी लावायचा न्हाई. हादरा बसतोय."

"उद्या मॅच हाय आप्पा."

"परवा बघ."

"मॅच उद्या हाय."

"मग निकाल बघ परवा," काका म्हणाले आणि अनवाणी, टाचा उचलून आपल्या बाजूला गेले.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. काकांचं दार उघडं असायचं. जाता-येता मी आत बघायचो. जिनदत्त पंचावन्न इंचाच्या काळ्या पडद्यासमोर बसून मोबाईलच्या पाच इंचांवर मॅच बघत होता. काकांनी मोबाईलचा आवाजही बंद करायला लावला होता. एकदा सिक्सर गेला तेव्हा तो उडी मारून उठला आणि भीतीने तसाच, हात वर करून, हळूहळू खाली बसला. मी दारातून म्हणालो, "काय झालं?" तो म्हणाला, "काय न्हाई." भिंत म्हणाली, किर्रर्र.

चकती भिंतीत ठेवली तो दिवस सत्याचा होता, हे मला नंतर कळलं.

नवव्या दिवशी आईने मला जवळ बोलावलं. तोवर तिचा आवाज कमी झाला होता आणि अधिकार वाढला होता.

"भरतेश. तो अजून आतच हाय."

"जाईल आई त्याच्या वाटेनं."

"कसल्या वाटेनं? तूच बुजवलीस की वाट." ती थांबली, दम घेतला. "त्यानं बी पाच दीस काय खाल्लं नसंल. माझा उपास मी धरलाय. त्याला तू घडवलास. पारण्याच्या आदी तो भाएर आला पायजे. न्हाईतर मी पाण्याला शिवणार न्हाई."

आई बोलते तसं करते. वडिलांनी एकदा तिला न विचारता गाडी घेतली होती, तर ती अकरा वर्षं त्या गाडीत बसली नाही. गाडीच शेवटी विकावी लागली.

मी विचार केला. गुपचूप भिंत खोलून चकती काढावी, तर आवाज बंद होणार. आवाज बंद म्हणजे जीव गेला, आणि तो मी मारला; मग पारणं कधीच नाही. चकती तशीच ठेवावी, तर जीव आत, आणि पारणं नाही. खरं सांगावं, तर नऊ दिवस उपाशी असलेल्या बाईला सांगायचं की तुझ्या मुलाने पर्वात सेलवर चालणारा जीव भिंतीत सोडला. एकच वाट उरली. पारण्याच्या सकाळी, सगळ्यांच्या समोर, त्या भोकातून काहीतरी जिवंत बाहेर यायला पाहिजे होतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी स्कूटर काढून तासगाव रोडला एका बांधावर गेलो आणि पाऊण तासात एक नाकतोडा धरला. हिरवा, बोटाएवढा, स्वभावाने शांत. प्लास्टिकच्या डबीला सुईने भोकं पाडली, आत गवत ठेवलं. डबीचं झाकण लावताना माझ्या लक्षात आलं की आतापर्यंत मी कुठलाच जीव कोंडलेला नव्हता. खोट्या जिवाला सोडवायला खरा कोंडावा लागला. पण परत फिरायला उशीर झाला होता, आणि नाकतोड्याने तक्रार केली नाही.

आमच्या घरी पारणं आणि क्षमावणी एकाच सकाळी करतात, कारण पाहुणे दोनदा येत नाहीत. दहा उपवास केलेल्या बाईला चमच्याने पाणी पाजायला सगळे येतात. लग्न मोडलेलेही येतात, त्यात पुण्य असतं. सकाळी आठला हॉल भरला होता. आष्ट्याहून पायगोंडा अण्णा आले होते, टोपी तीच. मागं भाग्यश्री. तिने मला बघून मान हलवली, म्हणजे ओळखलं एवढंच. माझ्या शर्टाच्या बाहीत डबी होती.

आईसमोर चांदीच्या वाटीत पाणी ठेवलेलं. तिने वाटीकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. "खोल," ती म्हणाली.

काकांनी पाहुण्यांना काय झालंय ते सांगितलं. सहा दिवस भिंतीत एक जीव आहे, टीव्ही बंद ठेवलाय, कुणी पाय आपटला नाही. पाहुण्यांनी जिनदत्तकडे कौतुकाने बघितलं. जिनदत्तने ते कौतुक तोंड पाडून घेतलं.

मी ब्लेडने टेप कापली. आठ स्क्रू काढले. तुकडा निघाला. हात आत घालून डबीचं झाकण अंगठ्याने उघडलं. डबी आतच सोडून हात बाहेर काढला. मग नाकतोडा भोकाच्या कडेवर आला. एक पाय उचलला, ठेवला. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि उडी मारली ती पायगोंडा अण्णांच्या टोपीवर.

कुणी हललं नाही. अण्णा तर सगळ्यांत कमी हलले. काकांचे डोळे भरून आले. आईने वाटीकडे हात नेला.

किर्रर्र, भिंत म्हणाली.

आईचा हात थांबला.

"जोडी हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "आतलं बी येईल. थांबा."

आम्ही थांबलो. टोपीवरचा नाकतोडाही थांबला. मग भाग्यश्री म्हणाली, "काका, नाकतोडा आसा वरडत न्हाई. ह्यो रातकिड्याचा आवाज हाय. आणि रातकिडा दिवसा आठ वाजता कशाला वरडंल?"

कुणी काही म्हणायच्या आत जिनदत्त पुढे झाला, भोकात कोपरापर्यंत हात घातला, चाचपडला आणि मूठ बाहेर काढली. उघडली. त्याच्या तळहातावर काळी चकती होती. ती एकदा ओरडली. जिनदत्तने दुसरा हात घातला आणि डबीही बाहेर काढली, गवतासकट.

"आप्पा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच पोत्यासारखा नव्हता. "ह्यो बघा जीव. सेलवर चालतोय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाग्यश्रीही.

"आत कोण न्हवतंच?" आईने विचारलं.

"न्हाई आई."

"आणि ह्यो?" तिने टोपीकडे बोट केलं.

"ह्याला मी काल आणला. तासगाव रोडवरनं."

"डबीत घालून."

"भोकं पाडलीवती झाकणाला."

आईने नाकतोड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पैली त्याची क्षमा माग. पुरी. मागायची बी, आणि करायची बी. मगच मी पाणी घेती."

मी पायगोंडा अण्णांसमोर उभा राहिलो, टोपीकडे नजर लावून हात जोडले आणि पूर्ण म्हणालो: कळत-नकळत माझ्याकडून तुम्हाला जो त्रास झाला त्याची क्षमा मागतो, आणि तुमच्याकडून मला जो झाला तो माफ करतो. उत्तम क्षमा. मी ते मनापासून म्हणालो. नाकतोड्याने मला काहीच त्रास दिला नव्हता, त्यामुळे माफ करायला जड गेलं नाही.

पण टोपीखाली अण्णा होते. त्यांना वाटलं, हे त्यांच्यासाठीच.  त्यांनी माझे जोडलेले हात धरले आणि म्हणाले, "उत्तम क्षमा, बाळ. मिळाली." त्या हालचालीने नाकतोडा उडाला, काकांच्या बाजूला गेला आणि खिडकीतून बाहेर पडला. आमच्या बाजूला खिडकी असती तर इकडूनच गेला असता.

आईने पाणी घेतलं. एक चमचा, मग दुसरा. मग सगळे एकमेकांपुढे हात जोडायला लागले. जिनदत्त माझ्यापुढे आला, हात जोडले आणि घाईघाईने म्हणाला, "कळत-नकळत काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा." मी होय म्हणावं म्हणून थांबला.

आता दोन सेकंदांत सगळं मिटणार होतं, दुसऱ्या प्लेटीसकट.

"कळत का नकळत?" मी विचारलं.

"आं?"

"माझं कळत होतं. मी कबूल केलं, सगळ्यांसमोर. तुझं कळत असंल तर काय ते सांग. मी करतो माफ. न सांगितलेलं कसं माफ करू?"

 काका म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. सांग."

"आप्पा, लोक हायत."

"लोकांसमोरच मागत्यात क्षमा. सांग."

जिनदत्तने जोडलेले हात खाली केले नाहीत. तसेच धरून, त्या हातांशी बोलल्यासारखा बोलला. "आष्ट्याच्या पावण्यास्नी मी सांगितलंवतं. भज्याचं."

"किती प्लेटी?" मी म्हणालो.

"दोन."

"आणि किती होत्या?"

"एक ऐकलीवती." त्याने मान खाली घातली. "मी मोठा हाय ह्याच्यापेक्षा. माझ्याआदी ह्याचं जमलं तर लोक म्हणणार, ह्याच्यातच काय तरी खोट हाय."

"हायच," काका म्हणाले. "आज दिसली. भोक तू पाडलंस, तूच बुजवायचं. आत्ता. दोनी अंगांचं. भरतेश पास करंल तवा उठायचं."

सगळ्यांसमोर त्याचा चेहरा लाल झाला. मी शांतपणे म्हणालो, उत्तम क्षमा. इतकी स्वस्तात पडलेली क्षमा मी दुसरी बघितली नाही.

तेवढ्यात पायगोंडा अण्णा पुढे आले. टोपी नीट केली. "आवं पण," ते म्हणाले, "भज्यासाठी आमी न्हाई म्हटलंच न्हवतं. भजी मी बी खाल्ल्याती. सोलापूरला हुतो तवा."

"मग?" आईने विचारलं.

अण्णांनी पेराने भिंत वाजवली. टक, टक. आतून पोकळ आवाज आला. "ह्यासाठी. त्या दिवशीच कळलं. मी गूळ बी आसाच घेतो. आतनं पोकळ वाजली की ढेप परत. ज्या घराची भिंत पोकळ, त्या घरात पोरगी कशी देऊ?" मग माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "बरं झालं, मघाशी माफ करून मोकळा झालास. माझ्या बी मनावर वझं हुतं."

मी जिनदत्तकडे बघितलं. जिनदत्तने माझ्याकडे. तीन महिने भाग्यश्री नाही, ती एका टक-टकमुळे. ज्याच्यावर सूड उगवला त्याने काही केलेलंच नव्हतं, नुसती इच्छा केली होती. ज्याने केलं तो समोर उभा होता, चहा मागत होता, आणि त्याला मी अर्ध्या तासापूर्वी, मनापासून, पूर्ण माफ केलेलं होतं.

निघताना भाग्यश्री दारात थांबली. चकती दिवाणावर पडली होती, तिने उचलली.

"गरजेपुरतं खोटं बोलतो म्हणालावता," ती म्हणाली. "गरज लय मोठी दिसती तुमची."

"तेवढीच होती."

ती हसली. तोंडावर हात न ठेवता. "हे नेऊ का मी?"

"सेल तीन वर्षं टिकतो," मी म्हणालो.

तिने चकती पर्समध्ये टाकली आणि वडिलांच्या मागोमाग जिना उतरली. पर्स एकदा ओरडली. अण्णा थांबले, जिन्याची भिंत वाजवून बघितली, आणि पुढे गेले.

दिवसभर जिनदत्त पुट्टी लावत बसला. दुकानदाराने सांगितलं होतं तसं मी पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारू दिला नाही. लावून झालं की मी हात फिरवायचो आणि नाही म्हणायचो. चार वेळा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी ती कारखान्यातसुद्धा पास झाली असती.

बाकी काही झालेलं नाही. फक्त खालील अर्ज मी मंदिराच्या कार्यालयात दिला आहे. कारकुनाने पोच दिली, पण शिक्का मारला नाही.

प्रति,
मा. अध्यक्ष, मंदिर समिती, सांगली.

विषय : दिलेली क्षमा परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, क्षमावणीच्या दिवशी सकाळी अर्जदाराने एका नाकतोड्यास क्षमा केली. सदर नाकतोडा त्या वेळी श्री. पायगोंडा (रा. आष्टा) यांच्या टोपीवर असल्यामुळे सदर क्षमा श्री. पायगोंडा यांनी स्वतःची समजून स्वीकारली व अद्याप परत केलेली नाही. मूळ लाभार्थी खिडकीवाटे निघून गेला असून त्याचा पत्ता उपलब्ध नाही.

अर्जदारास आता असे समजते की, श्री. पायगोंडा यांच्या आष्टा येथील विटांच्या, पूर्ण भरीव घरात गेल्या आठवड्यापासून एक जीव ओरडत आहे. ते सर्व भिंती रोज वाजवून बघत आहेत. एकही पोकळ लागत नाही. व त्यांनी गुळाच्या गोदामात चालताना पायतण काढले आहे. परंतु वरील क्षमा अमलात असल्यामुळे अर्जदारास ह्या गोष्टीचा आनंद घेता येत नाही.

तरी सदर क्षमा चुकीच्या व्यक्तीस पोचल्याचे नोंदवून ती रद्द करावी, व तीपोटी जमा झालेला राग, न वापरलेल्या स्थितीत, पुढील क्षमावणीपर्यंतच्या मुदतीने अर्जदारास परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.